दहा वाव पाण्यातला दात

आमच्या किनाऱ्यावर दात बारा महिने दुखतात, पण त्यांच्यावर इलाज होतो तो पावसाळ्यात. होड्या वाळूवर ओढल्या, त्यांच्यावर झावळ्या चढल्या, की माझ्या दवाखान्यातल्या बाकड्यावर टेकायला जागा मिळत नाही. आठ महिने लवंगेचं तेल आणि देवाचं नाव यांवर काढलेले दात एकदम रांगेत उभे राहतात. मग येते नारळी पौर्णिमा. नारळ समुद्रात पडला की बाकडं रिकामं! ज्यांच्या दातांवर मी निम्मंच काम केलंय ती माणसं माझी औषधं दातात घेऊन खुशाल समुद्रावर जातात. विजयदुर्गाकडचा एक खलाशी असा दोन वर्षांनी परत आला आणि दारातूनच म्हणाला, "त्या दिवशी अर्ध्यार रवलेला, ता आता करूया."

छत्तीस वर्षं झाली मला आचऱ्यात दवाखाना घालून. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून आठवड्यातून तीनच दिवस बसते. या छत्तीस वर्षांत किती दात उपटले, किती भरले, ते सांगत बसले तर वाचणाऱ्यांचे दात दुखायला लागतील. त्यापेक्षा एकाच दाताबद्दल लिहिते. तो मी दोनदा केला. पहिल्यांदा वाईट केला, दुसऱ्यांदा चांगला.

त्याआधी थोडं धंद्याचं सांगायला हवं. दाताच्या मुळात केसाएवढी बारीक पोकळी असते आणि तिच्यात नस असते. कीड तिथवर पोचली की नस मरते, कुजते आणि माणूस भिंतीला डोकं आपटून घेतो. आम्ही ती नस काढतो, पोकळी घासून धुतो, उरलेले जंतू मरावेत म्हणून दोन-तीन आठवडे आत औषध भरून ठेवतो. मग ते औषध काढून पोकळी कायमची बुजवायची, याला म्हणतात रूट कॅनॉल. लोकांना भीती असते नस काढण्याची. मला विचाराल तर नस काढणं सोपं. आपणच घातलेलं औषध शेवटच्या कणापर्यंत बाहेर काढणं, हे खरं काम. भिंतीवरचे पोपडे न खरवडता वर रंग लावला तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. इथेही तेच होतं. औषधाचा थर राहिला तर वरचं भरण मुळाच्या भिंतीला धरत नाही, मध्ये फट राहते. आणि यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या विहिरीचा तळ वरून काठीने चाचपावा, तसं सगळं बोटांवर चालतं.

हे औषध जातीने चुन्याचं. पण हे पेशंटला सांगू नये, हे मी फार लवकर शिकले. सुरुवातीच्या काळात आमच्या बाजारपेठेतल्या एका पानखाऊ आजोबांना मी कौतुकाने सांगितलं की तुमच्या दातात मी चुनाच भरलाय बरं का. आठवड्याने आजोबा हजर, गाल सुजलेला, हिरडी भाजलेली. वरचं कच्चं सिमेंट पडलं, तेव्हा पानाच्या डबीतला चुना काडीने आत कोंबून ते मोकळे झाले होते! मी ओरडले तर माझ्यावरच चढले. "चुनो तो चुनो! तुमचो काय सोन्याचो आसा?" त्यानंतर मी औषधाला फक्त औषध म्हणते.

आता अक्षताची गोष्ट.

गेल्या वर्षी दसरा होऊन आठवडा झाला होता. समुद्र खुला, त्यामुळे बाकडं रिकामं. मी आणि माझी शालन, म्हणजे गेली बावीस वर्षं माझ्या हाताखाली असलेली आणि खरं तर माझ्या डोक्यावर बसलेली बाई, दोघी चहा पीत होतो. तेवढ्यात एक पंचविशीची, उन्हाने रापलेली, काटक मुलगी आत आली. मागोमाग तिचा बाप. बापाला मी ओळखलं. तोंडवलीचा भिकाजी, स्वतःची होडी असलेला. मुलगी मात्र ओळखू येईना.

"नमस्कार मॅडम. मी अक्षता. लहानपणी तुमच्याकडे ट्रीटमेंट घेतली होती," ती अगदी तहसील कार्यालयात बोलावं तसं शुद्ध बोलली. "दात एरवी दुखत नाही. फक्त पाण्याखाली गेल्यावर दुखतो."

पाण्याखाली दुखणारा दात मी तोवर बघितला नव्हता. मग तिने सांगितलं. पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जातात ना, पाठीवर हवेची टाकी लावून, त्या बोटीवर ती दोन वर्षं कामाला होती. काम काय, तर लोकांना जॅकेट चढवून द्यायचं आणि चपला सांभाळायच्या. आता तिला स्वतः खाली जाऊन लोकांना नेणारी व्हायचं होतं. त्यासाठी परीक्षा होती आणि परीक्षेत दहा वाव खाली जायचं होतं. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी, आमचे मच्छीमार खोली त्यातच मोजतात. पाच वावांपर्यंत सगळं ठीक. त्याच्या खाली वरच्या सुळ्यामागच्या लहान दाढेत अशी कळ यायची की ती दोनदा अर्ध्यावरून वर आली होती. शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं की तिसऱ्यांदा वर आलीस तर नाव कापणार. तिच्या वाडीतून या कामाला जाणारी ती पहिलीच मुलगी. पहिली परत आली असती, तर दुसरीला कुणी पाठवलं नसतं. परीक्षेला चार आठवडे होते. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सायनस स्वच्छ असल्याचं लिहून दिलं होतं, म्हणजे दुखणं दातातलंच होतं.

मी दाढेवर आरशाचा दांडा हलकेच आपटला. शुद्ध मराठी क्षणात संपलं. "आये गो! थयसरच, थयसरच! शिरा पडो त्या दातार!"

"काढून टाका," भिकाजी म्हणाला. "एक दाढ गेली म्हणान काय होतला?"

"आणि तोंडातला ता रबर कशान धरू?" अक्षता खुर्चीतून उठूनच बसली. हवेची नळी ज्या रबराने तोंडात धरतात, ते नेमकं त्याच दातांच्या मध्ये चावून धरावं लागतं. शिवाय दाढ काढली तर जखम भरेपर्यंत पाणी बंद, म्हणजे परीक्षा बुडाली.

एक्स-रे काढला. मुळात माझंच जुनं भरण. आणि त्या भरणाच्या कडेने, जिथे काही नसायला हवं तिथे, एक पांढरट पट्टा. तो पट्टा काय आहे ते मी बघताक्षणी ओळखलं.

नऊ वर्षांपूर्वी मी एक नवं औषध वापरायला लागले होते. तयार पिचकारीत येणारं, पिवळं, तेलात कालवलेलं. आत घालायला लोण्यासारखं सोपं, म्हणून मी त्याच्या प्रेमात होते. अक्षता तेव्हा सोळा वर्षांची. श्रावणात तिच्या दाढेत ते औषध घातलं आणि पंधरा दिवसांनी तिला परत आणायला भिकाजीला सांगितलं. पुढचं वेगळं सांगायला नको. नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात गेली आणि पोरगी माझ्याकडे आली ती दहा महिन्यांनी, पुढच्या पावसाच्या तोंडावर. तोवर औषध भिंतीला घट्ट बसलेलं. बाहेर वीस माणसं खोळंबली होती. मी पिचकारीने धुतलं, पाणी स्वच्छ आलंसं वाटलं आणि दाढ बुजवून टाकली. वाटलं, असं आता लिहिताना म्हणते. तेव्हा माझी खात्री होती. हाताला कळतं असा मला भारी गर्व होता.

फटीत अडकलेली हवा जमिनीवर कुणाला त्रास देत नाही. पाण्याखाली दाब वाढला की ती आकसते आणि मुळाच्या टोकाला पीळ बसतो. आठ वर्षं ती मुलगी माझी चूक तोंडात घेऊन फिरत होती.

मी दोघांना समोर बसवून सांगितलं, "भिकाजी, ही माझी चूक. मी नीट धुतलं नव्हतं."

भिकाजीने एक्स-रे हातात घेऊन उजेडाकडे धरला. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. मग म्हणाला, "पंधरा दिवसांनी हाडूक सांगितलेलास. मी धा महिन्यांनी हाडलंय. मासो लागलो आणि माका चेडवाच्या दाताची आठवणच रवली नाय. तेवा चूक कोणाची ता माका सांगू नकात."

"तुमी दोघां भांडत बसा," अक्षता म्हणाली. "चार आठवडे आसत फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. दाढेभोवती रबराचा पडदा लावला, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला आणि जुनं भरण सुईने उकरून काढलं. ते तासाभरात निघालं. मग धुवायला सुरुवात. आमच्याकडे धुण्याची सुई टोकाला बंद असते, भोक बाजूला असतं, म्हणजे द्रावण मुळाच्या पलीकडे घुसत नाही. क्लोरीनचं पाणी घातलं, मग भिंतीवरचा थर सोडवणारं दुसरं द्रावण, मग परत पाणी. पोकळी कोरडी करायला कागदाची टोकदार वात मिळते. ती आत घालून बाहेर काढली, टोक पिवळं. परत धुतलं. वात पिवळी. परत धुतलं. पिवळीच! त्या दाढेला दोन पोकळ्या होत्या आणि दोन्हींना जोडणारी एक चिंचोळी खाच. औषध त्या खाचेत जाऊन बसलं होतं, आणि तेलकट असल्यामुळे पाण्याला दाद देत नव्हतं. दोन तास झाले. अक्षताचा जबडा थरथरायला लागला. मी कच्चं सिमेंट लावून तिला घरी पाठवलं आणि हातमोजे काढून टेबलावर फेकले.

शालन पिवळ्या वाती गोळा करत होती. म्हणाली, "बाय, एक सांगू? रागावशात नाय मां?"

"बोल."

"खोबऱ्याच्या त्यालाची बाटली नुसत्या पाण्यान धुता काय कोण? आत तांदूळ घालूचे आणि खुळखुळवूची. हलवल्याबिगर त्याल सुटणा नाय."

"दाढ घेऊन खुळखुळवू?" मी वसकन म्हणाले. "ती मुलीच्या तोंडात आहे."

"ता यंत्र मग कित्याक घेतलंत? कपाटात पूजा घालूक?"

यंत्र खरंच कपाटात होतं. चार वर्षांपूर्वी एका गोडबोल्या विक्रेत्याने ते माझ्या गळ्यात मारलं होतं. पोकळीत द्रावण भरायचं आणि त्यात एक बारीक सुई बुडवायची. ती सुई इतक्या वेगाने थरथरते की द्रावण खाचाखोचांत घुसून चिकटलेलं सुटं करतं. मी ते एकदा लावून बघितलं, किणकिण आवाज ऐकला आणि म्हटलं, हे नव्या पोरांचे चोचले, आपला हात बरा. खोटं कशाला बोलू, मला ते चालवायची भीतीही वाटली होती. सुई मुळात मोडली तर?

त्या दुपारी मी यंत्र काढलं. शालनने त्यावरची धूळ फडक्याने पुसली, पुसताना तिचा सगळा चेहरा बोलत होता. काढलेल्या जुन्या दातांची एक बरणी माझ्याकडे असते. चार दिवस मी त्या दातांत ते पिवळं औषध भरलं, सुकू दिलं आणि यंत्राने धुतलं. धुऊन दात उभा फोडायचा आणि आत बघायचं. पहिल्या दोन दातांत सुया मोडल्या. तिसऱ्यात औषध राहिलं. सुई भिंतीला टेकवायची नाही, द्रावण सारखं बदलायचं, थोडं थांबून परत चालवायचं, हे हळूहळू हाताला उमगत गेलं. सातवा दात फोडला तो आतून लख्ख निघाला. साठी उलटल्यावर विद्यार्थिनी व्हायचा आनंद मला त्या दातात मिळाला. मी शालनला दाखवला तर म्हणाली, "ता यंत्र चार वर्सां आधी काढल्यात असता तर."

अक्षता परत आली. मी द्रावण भरलं, सुई आत सोडली आणि श्वास धरून पायाने बटण दाबलं. किणकिण सुरू झाली. थांबवलं, धुतलं. भिंगातून दिसलं की पोकळीतून पिवळे कण वर तरंगत येताहेत. नऊ वर्षांनी! मला इतका आनंद झाला की मी त्या कणांना उद्देशून "या, या!" म्हणाले. पडद्याखालून अक्षता हसली. परत द्रावण, परत किणकिण. वात पिवळी, मग फिकट, मग टोकाला जेमतेम रंग. सहाव्या वेळी वात बाहेर आली ती पांढरीफेक. शालनने ती दिव्यासमोर धरून उलटसुलट फिरवली आणि मान डोलावली.

पण अजून मधला टप्पा बाकी होता. आतले जंतू मारायला परत औषध भरणं भाग होतं. या वेळी पाण्यात कालवलेलं घेतलं, सहज सुटणारं. दहा दिवसांनी यायला सांगितलं आणि भिकाजीकडे बघितलं. ऐन मासळीचे दिवस. त्या आठवड्यात बांगडा नुसता उसळत होता, किनाऱ्यावर बोलायला दुसरी गजालच नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर बापलेक बसलेले. भिकाजीची होडी वाळूवर होती. मी विचारलं, "आज पाण्यावर गेला नाहीस?"

"आज हयच काम आसा," तो म्हणाला.

ते पांढरं औषध मी परत त्याच यंत्राने, तितक्याच चिकाटीने काढलं. सुटणारं औषध म्हणून एकही फेरी कमी केली नाही. वात स्वच्छ आल्यावरही दोन वाती जास्त घातल्या. एक्स-रे काढला, खाच मोकळी. मग पोकळ्या आणि खाच मिळून तळापासून वरपर्यंत बुजवली. शेवटचा एक्स-रे समोर आला तेव्हा मी तो भिकाजीला दाखवला. मुळाच्या टोकापर्यंत एकसंध पांढरी रेघ, कुठे काळा ठिपका नाही. त्याला या वेळीही काही कळलं नाही, पण तो म्हणाला, "बरा दिसता." मी सांगते, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा एक्स-रे आहे, आणि असं म्हणायची मला लाज वाटत नाही.

परीक्षेच्या दिवशी भिकाजीचा फोन आला, "तुमी येवक होया." मी कणकवलीकडची. समुद्र काठावरून बघायचा, त्याच्यात शिरायचं नाही, असा माझा नियम. पण गेले. भिकाजीच्या होडीत बसले आणि दहा मिनिटांत सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. समोर परीक्षेची बोट नांगर टाकून उभी होती. अक्षता काळ्या पोशाखात बोटीच्या कडेवर बसली, आमच्याकडे बघून हात केला आणि उलटी पाण्यात पडली. तिच्यामागे आणखी तिघं आणि त्यांचे सर.

मग नुसते बुडबुडे. मी भिंगाच्या चष्म्याखाली कितीतरी पोकळ्या बघितल्या असतील, पण त्या बुडबुड्यांइतकं टक लावून काही बघितलं नसेल. आता तीन वाव गेली असेल. आता पाच. इथेच दुखतं. इथेच ती दोनदा वळली होती. भिकाजी वल्ह्यावर हात आवळून बसला होता.

अचानक पाण्यावर काळं डोकं आलं. भिकाजी अर्धा उभाच राहिला. त्या डोक्याने मुखवटा वर केला, तो एक मुलगा होता. कान धरून कण्हत बोटीकडे गेला. त्या बिचाऱ्याच्या दुखण्याने मला हायसं वाटलं, याची मला नंतर शरम वाटली, पण तेव्हा नाही.

बुडबुडे सुरूच होते. एका जागी थांबले, मग डावीकडे सरकले, मग परत थांबले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी सर वर आले आणि त्यांनी बोटीकडे अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवला, म्हणजे सगळं ठीक. त्यांच्या शेजारी अक्षता आली. भिकाजीने दोन्ही हात वर केले आणि लांबवरच्या दुसऱ्या होडीला ऐकू जाईल असा ओरडला, "माजा चेडू धा वाव जावन इला रे!" मी डोळे पुसले. वारं खारं होतं म्हणून नव्हे, मला रडू येत होतं म्हणून.

अक्षता पोहत आमच्या होडीशी आली, कडेला लोंबकळली, तोंडातलं रबर काढलं आणि बोलत सुटली. "बाबा, खाली गोबरो होतो! ह्येवडो! खडपाच्या कपारीत शांत बसललो. माज्या तोंडाकडे बगीत रवललो."

जन्मभर गोबरा मासा जाळ्यात तडफडतानाच बघितलेला तो माणूस वाकून विचारत होता, "जितो? शांत बसललो? डोळे कसे होते त्याचे?"

"काळे. फिरत होते. आणि बाबा, अंगार ठिपके, पण वर हाडल्यार दिसतत तसले नाय, येगळेच..."

माझा धीर सुटला. मी तिच्या खांद्याला हात लावून विचारलं, "अगो, दात?"

तिने तोंडावरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"खंयचो दात?" ती म्हणाली, आणि परत बापाला गोबऱ्याचे डोळे सांगायला लागली.